आवाज आला, चित्र कुठे अडले?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात, जानेफळला राहता. उद्या २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळेत तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवरावर दहा मिनिटे बोलायचे आहे. जून २०२० मध्ये या सरोवराचे नेहमीचे हिरवट पाणी थोड्याच दिवसांत गुलाबी झाले होते, हे तुम्ही ऐकले असेल. लोणारला राहणाऱ्या तुमच्या मामांनी त्या वेळी काठावर उभे राहून मोबाइलवर चार मिनिटांचे चित्रण केले. तो मोबाइल पुढे बिघडला. आता त्या चित्रणाची एकच फाइल उरली आहे, आणि ती मामांनी दिलेल्या पेनड्राइव्हवर आहे.

घरी बैठकीच्या खोलीत एक जुना संगणक मोठ्या टीव्हीला जोडलेला आहे. सिनेमे पाहायचे, गाणी ऐकायची, ती त्यावरच. घरचे छोटेसे चित्रगृहच म्हणा ना! शाळेतला संगणकही साधारण तेवढाच जुना. तेव्हा आज रात्री घरीच रंगीत तालीम करावी, असे तुम्ही ठरवता. पेनड्राइव्ह लावता, फाइल उघडता. वाऱ्याची घरघर ऐकू येते. मामांचा आवाज येतो, "बघ, पाणी कसं झालंय ते!" पडदा मात्र काळाकुट्ट!

आता तुम्ही काय कराल?

पुष्कळ लोक काय करतात ते आधी सांगतो. ते केबल उपसून पुन्हा खोचतात, संगणक बंद करून चालू करतात, फाइलचे नाव बदलून पाहतात, दोन-तीन नवे प्लेअर बसवतात. शेवटी कोणीतरी सुचवलेला 'दुरुस्ती'चा प्रोग्रॅम ते थेट त्या एकुलत्या एका फाइलवर चालवतात. एवढे करून चित्र आलेच, तर ते कशामुळे आले हे कोणालाच सांगता येत नाही. आणि नाही आले, तर मूळ फाइलही हातची जाण्याची भीती असते. ताप आलेल्या माणसाला पाच औषधे एकदम दिली, तर कोणते लागू पडले हे वैद्याला तरी कसे कळावे?

बिघाड शोधणे हे एक शास्त्र आहे, आणि त्याची रीत प्रयोगशाळेतल्या रीतीहून निराळी नाही. म्हणून हातात काही घेण्यापूर्वी पहिला नियम पाळा: मूळ फाइलला हात लावायचा नाही. पेनड्राइव्हवरून तिची एक प्रत संगणकात उतरवून घ्या. दोन्ही फाइलींचे 'गुणधर्म' उघडून त्यांचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहा. आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. मग पेनड्राइव्ह रीतसर काढा आणि कपाटात ठेवून द्या. यापुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे.

एका सेकंदात किती माहिती?

व्हिडिओ फाइल का अडते हे समजण्यासाठी ती मुळात कशी बनते ते पाहू या. थोडे गणित करावे लागेल, पण ते सोपे आहे.

मामांच्या मोबाइलने 'फोर-के' प्रतीचे चित्रण केले. म्हणजे प्रत्येक चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू. गुणाकार केला तर ८२,९४,४०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यासाठी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन संख्या लागतात. प्रत्येक संख्येला एक बाइट धरला, तर एका चित्राला २,४८,८३,२०० बाइट लागले. एका सेकंदात अशी ३० चित्रे म्हणजे ७४,६४,९६,००० बाइट. चार मिनिटांचे २४० सेकंद धरले, तर एकूण माहिती सुमारे १७९ गिगाबाइट भरते. मामांच्या १६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर या हिशेबाने बावीस सेकंदही मावणार नाहीत!

पण त्याच पेनड्राइव्हवर मामांची चार मिनिटांची फाइल तर सुखाने बसली आहे. तिचा आकार आहे सुमारे ७०० मेगाबाइट. म्हणजे माहिती जवळजवळ अडीचशेपट आकसली. ही किमया कशी होते?

दोन युक्त्या आहेत. पहिली युक्ती अशी. लोणारच्या चित्रणात विवराचा कडा, झाडे, काठावरचे दगड ही या चित्रात जशी आहेत, तशीच पुढच्या चित्रातही आहेत. हलतात त्या फक्त पाण्यावरच्या लाटा. मग प्रत्येक चित्र पूर्ण लिहायचे कशाला? मधूनमधून एक चित्र पूर्ण लिहावे आणि मधल्या चित्रांसाठी 'काय बदलले' एवढेच लिहावे. बिघडलेल्या फाइलीत कधी कधी पडद्यावर हिरवे-करडे चौकोन उमटतात आणि काही वेळाने सगळे एकदम ठीक होते, ते यामुळेच. बदलाची नोंद खराब झाली की पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत चूक पुढे पुढे सरकत राहते.

दुसरी युक्ती एका चित्राच्या पोटातली आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात, उदाहरणार्थ आठ बाय आठ बिंदूंचे. त्यातील ६४ बिंदूंची उजळता तशीच न लिहिता, ती उजळता किती संथ आणि किती जलद चढउतारांच्या मिश्रणाने बनली आहे ते लिहितात. निरभ्र आकाशाच्या चौकोनात जलद चढउतार जवळजवळ नसतातच. म्हणून ६४ पैकी बहुतेक संख्या शून्याजवळ येतात आणि त्या गाळता येतात. डोळ्यांना फरक कळत नाही.

या गणिताला 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' म्हणतात. ते सुचले बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांना. १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. ते नामंजूर झाले, कारण परीक्षकांना ती कल्पना फार साधी वाटली. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी काम पुरे केले आणि जानेवारी १९७४ मध्ये तो निबंध छापून आला. आज आपण मोबाइलवर पाहतो त्या बहुतेक सर्व व्हिडिओंच्या पोटात हेच गणित किंवा त्याचे सुधारलेले रूप आहे. तीन भारतीय नावांचा तो निबंध लक्षात ठेवण्यासारखा आहे, नाही का?

डबा आणि भाजी

माहिती आकसून लिहिण्याची आणि ती पुन्हा उलगडण्याची जी ठरलेली पद्धत, तिला 'कोडेक' म्हणतात. अशा पद्धती अनेक आहेत. २००३ मध्ये ठरलेली एच-२६४ ही फार प्रचारात आहे. २०१३ मध्ये एच-२६५ आली. तिलाच एचईव्हीसी असेही नाव आहे. साधारण तेवढ्याच प्रतीचे चित्र ती एच-२६४ च्या जवळजवळ निम्म्या जागेत बसवते, पण त्यासाठी गणित पुष्कळच जास्त करावे लागते.

मग 'एमपी-४' म्हणजे काय? तो कोडेक नव्हे, तो डबा आहे. तुमच्या जेवणाच्या डब्यात एका पुडात पोळी, एकात भाजी, एकात भात असतो. तसेच या डब्यात एका पुडात चित्रे, दुसऱ्यात आवाज आणि कधी तिसऱ्यात उपशीर्षके असतात. शिवाय कुठल्या पुडात काय आणि कुठून कुठपर्यंत आहे, त्याची एक यादीही असते. 'एमकेव्ही' हा असाच दुसरा डबा. त्याचे मूळ नाव मात्रोस्का. एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून हे नाव घेतले आहे.

आता दोन गोष्टी तुमच्या ध्यानात येतील. एक, दोन फाइलींच्या नावांमागे 'एमपी-४' असले, तरी आतली भाजी निराळी असू शकते. दोन, नावामागची ती अक्षरे बदलून आतले काही बदलत नाही. मिठाच्या डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी लावली म्हणून चहा गोड होईल काय?

पाच कड्या आणि दोन प्रश्न

पेनड्राइव्हपासून तुमच्या डोळ्यांपर्यंत एक साखळी आहे. तिच्या पाच कड्या अशा: पहिली, साठवण, म्हणजे पेनड्राइव्ह किंवा संगणकाची डिस्क. दुसरी, डबा उघडून आतली यादी वाचणे. तिसरी, कोडेकने आकसलेली माहिती उलगडणे. चौथी, उलगडलेली चित्रे व आवाज केबलमधून टीव्हीपर्यंत नेणे. पाचवी, पडदा आणि ध्वनिवर्धक. बिघाड या पाचांपैकी कुठेतरी आहे. कुठे ते कसे शोधावे?

दोन प्रश्न विचारा. ही फाइल दुसऱ्या यंत्रावर चालते का? आणि दुसरी फाइल या यंत्रावर चालते का?

ही फाइल कुठेच चालत नाही, पण दुसरी फाइल इथे चालते, असे झाले तर दोष फाइलीत आहे. ही फाइल इतरत्र चालते, पण इथे कुठलीच फाइल चालत नाही, तर दोष संगणकात, केबलमध्ये किंवा टीव्हीत आहे. दोन्ही प्रश्नांना 'हो' असे उत्तर आले, तर फाइलही बरी आणि यंत्रही बरे, फक्त त्यांचे एकमेकांशी जमत नाही. दोन्हींना 'नाही' असे उत्तर आले, तर दोष एकाहून अधिक असण्याचा संभव आहे. अशा वेळी एकेक वेगळा काढून तपासावा.

तुम्ही फाइलीची प्रत शेजारच्या ताईच्या नव्या मोबाइलवर लावून पाहता. चित्र छान दिसते, गुलाबी पाणी झळकते! मग गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लावता. तोही चालतो. दोन्ही उत्तरे 'हो'. म्हणजे केबल उपसण्याची गरज नव्हती आणि फाइलीची 'दुरुस्ती' करण्याची तर मुळीच नव्हती. संशय तिसऱ्या कडीवर, उलगडण्यावर, येऊन थांबला. कशालाही धक्का न लावता पाचांपैकी चार कड्या तुम्ही निर्दोष ठरवल्या!

चित्र आले, पण अडखळत

आवाज येतो आणि चित्र येत नाही, याचा अर्थ आता उघड आहे. डबा उघडला, आवाजाचे पूड उलगडले, चित्राचे पूड उलगडता आले नाही. एच-२६५ वर पेटंटचे हक्क आहेत आणि त्याच्या परवान्याला पैसे पडतात. म्हणून काही संगणकांत ते उलगडण्याची सोय आधीपासून केलेली नसते.

यावर सोपा उपाय म्हणजे कोडेक स्वतःबरोबरच घेऊन येणारा प्लेअर. व्हीएलसी हा असाच एक विनामूल्य प्लेअर आहे. त्याची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली आणि २००१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांचे ते काम आहे. त्यात फाइल चालू असताना 'कंट्रोल' आणि 'जे' या कळा एकदम दाबल्या, की कोडेक, चित्राचे मोजमाप आणि सेकंदाला किती चित्रे ही सगळी माहिती समोर येते. बिघाड शोधणाऱ्याने ही खिडकी प्रथम उघडावी. मामांच्या फाइलीत ती सांगते: एच-२६५, ३८४० बाय २१६०, सेकंदाला ३० चित्रे.

व्हीएलसीत चित्र दिसू लागले. पण हाय! ते अडखळते आहे. लाटा उड्या मारतात, मामांचा हात एका जागेवरून नाहीसा होऊन दुसरीकडे उगवतो.

असे का? सेकंदाला ३० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्र उलगडायला सुमारे ३३ सहस्रांश सेकंदच मिळतात. तुमच्या संगणकाला एका चित्राला ५० सहस्रांश सेकंद लागत असतील, तर एका सेकंदात २० चित्रेच तयार होतील आणि दहा गळतील. नव्या संगणकांत या कामासाठी खास मंडल बसवलेले असते. ते हे गणित लीलया करते. साधारण २०१५ पूर्वीच्या बहुतेक घरगुती संगणकांत एच-२६५ साठी असे मंडल नाही. तिथे सगळा भार मुख्य प्रक्रियकावर पडतो.

पण थांबा! अडखळण्याची कारणे तीन असू शकतात, आणि ती पडद्यावर बरीचशी सारखीच दिसतात. त्यांना वेगळे कसे करावे?

पहिले कारण, साठवण मंद असणे. फाइल जुन्या पेनड्राइव्हवरून किंवा वाय-फायवरून येत असेल, तर माहितीच वेळेवर पोहोचत नाही. फाइल संगणकाच्या डिस्कवर घेतल्यावर अडखळणे थांबले, तर हेच कारण होते. आपण प्रत आधीच डिस्कवर घेतली आहे, म्हणून हे कारण बाद.

दुसरे कारण, उष्णता. संगणक दहा-पंधरा मिनिटे नीट चालतो आणि मग अडखळू लागतो. प्रक्रियक फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पंख्यावर वर्षभराची धूळ बसलेली असताना, हे हमखास होते. वीज बंद करून आणि वायर काढून पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने झटकली, की पुष्कळदा काम भागते. आपला व्हिडिओ मात्र पहिल्या सेकंदापासून अडखळतो, म्हणून हेही बाद.

तिसरे कारण, प्रक्रियकाची ताकद कमी पडणे. व्हिडिओ चालू असताना संगणकाचा 'टास्क मॅनेजर' उघडा. प्रक्रियकाचा वापर सतत १०० टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर चोर सापडला.

आपल्या घरी तोच सापडला. उपाय? चित्रण एच-२६५ मधून एच-२६४ मध्ये आणि ३८४० बाय २१६० ऐवजी १९२० बाय १०८० मोजमापात रूपांतरित करायचे. बिंदू चौपटीने कमी झाले आणि गणितही सोपे झाले. शिवाय एच-२६४ साठी खास मंडल जुन्या संगणकांतही बहुधा असतेच. 'हँडब्रेक' हा विनामूल्य प्रोग्रॅम हे काम करतो. जुन्या संगणकाला चार मिनिटांच्या चित्रणासाठीही बराच वेळ लागेल. तोवर जेवण उरकून घ्या!

मात्र एक लक्षात ठेवा. दर रूपांतरात थोडे चित्र हरवते. झेरॉक्सची झेरॉक्स काढली, की अक्षरे पुसट होत जातात, तसेच हे. म्हणून रूपांतर नेहमी मूळ फाइलीवरून करावे, रूपांतरित फाइलीवरून नव्हे. आणि मूळ फाइल कधीही पुसू नये. पुढे चांगला संगणक मिळाला, तर मूळ चित्रण होते तसे दिसेल.

गुलाबी रंग फिका का?

नवी फाइल सुरळीत चालली. पण आता दुसरीच शंका येते. ताईच्या मोबाइलवर पाणी चांगले गुलाबी होते. टीव्हीवर ते फिकट, धुवून काढल्यासारखे दिसते आहे. तुमच्या भाषणाचा विषयच रंग आहे. तेव्हा हे सोडून देऊन कसे चालेल?

पुन्हा तोच प्रश्न विचारा. दुसरी फाइल इथे कशी दिसते? स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लावला, तर त्यातला काळा पडदाही करडा दिसतो. म्हणजे दोष मामांच्या फाइलीचा नाही, रूपांतराचाही नाही. सगळ्याच फाइलींत एकच दोष दिसला, तर तो साखळीच्या शेवटच्या भागात शोधावा.

व्हिडिओच्या प्रमाणपद्धतीत काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ हे अंक देतात. संगणक मात्र काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ मानतो. संगणकाने १६ ते २३५ हे अंक पाठवले आणि टीव्हीने ते ० ते २५५ च्या मापाने वाचले, तर काळे करडे होते आणि सारे रंग फिके पडतात. उलट झाले, तर गडद भाग काळ्यात बुडून जातात. उपाय एवढाच, की दोघांना एकच माप सांगायचे. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये किंवा टीव्हीच्या मेनूत 'मर्यादित' आणि 'पूर्ण' अशा निवडी असतात. एका वेळी एकच बदल करा, परिणाम पाहा, लिहून ठेवा.

फक्त मोबाइलचीच फाइल फिकी आणि बाकी सगळ्या ठीक असत्या, तर संशय वेगळा घ्यावा लागला असता. काही मोबाइल 'एचडीआर' नावाच्या पद्धतीने उजळतेचा अधिक मोठा पल्ला नोंदवतात. साध्या टीव्हीला ते अंक समजत नाहीत. तिथे रूपांतर करतानाच रंगांचा मेळ घालावा लागतो.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पडद्यावरचा रंग हा पुरावा नव्हे. मोबाइलचा कॅमेरा प्रकाश पाहून रंग आपोआप कमीजास्त करतो. लोणारचे पाणी खरेच का बदलले, हे पाण्याचे नमुने तपासून ठरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्या पाण्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. त्यांच्या अंगी गुलाबी रंगद्रव्य असते. पाणी आटून क्षारता वाढली, तसे ते वाढले. ते तळाशी बसल्यावर नमुन्यातील पाणी पुन्हा नितळ झाले. तुमचा व्हिडिओ 'असे दिसले' हे सांगतो. 'असे का' हे प्रयोगशाळेने सांगितले. उद्या बोलताना ही दोन वाक्ये वेगळी ठेवा.

आवाज मागे का पडतो?

आता आणखी काही बिघाडांची लक्षणे पाहून ठेवू. केव्हातरी ती भेटतीलच.

ओठ हलतात आणि आवाज मागून येतो. अशा वेळी घड्याळ घेऊन बसा. सुरुवातीला जेवढा फरक आहे, तेवढाच शेवटीही आहे का? तेवढाच असेल, तर तो सेटिंगने काढता येतो. व्हीएलसीत 'जे' आणि 'के' या कळा आवाजाला एका वेळी ५० सहस्रांश सेकंद पुढे किंवा मागे नेतात. आवाजच चित्राच्या आधी येत असेल, तर बहुधा टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घेत असतो. टीव्हीत 'गेम मोड' असेल, तर तो लावून पाहा. फरक मात्र मिनिटागणिक वाढत असेल, तर दोष फाइलीच्या काळगणनेत आहे. मोबाइल अंधारात चित्रांचा वेग आपोआप कमी करतो, आणि काही प्रोग्रॅमांना हा बदलता वेग समजत नाही. रूपांतर करताना 'स्थिर वेग' निवडल्यास हा दोष सहसा जातो.

मराठी उपशीर्षके वाचता येत नाहीत, ही आपल्याकडची खास तक्रार. येथेही लक्षणे नीट पाहा. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर संगणकाला अक्षर कळले आहे, पण ते काढायला देवनागरी फाँट नाही. भलतीच विचित्र चिन्हे दिसली, तर अक्षरांचे संकेतच चुकीचे वाचले गेले आहेत. प्लेअरमध्ये 'यूटीएफ-८' ही निवड करून पाहा. उपशीर्षके युनिकोडपूर्व जुन्या फाँटांत टंकलेली असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील.

फाइल मुळीच उघडत नाही, हा सर्वांत गंभीर प्रकार. आधी आकार पाहा. मूळ फाइलीपेक्षा प्रत लहान असेल, तर पेनड्राइव्ह घाईने ओढल्याने ती अर्धीच उतरली आहे. पुन्हा उतरवा. फाइल पेनड्राइव्हवर मावतच नसेल, तर तिचा आकार चार गिगाबाइटच्या पुढे आहे का पाहा. 'फॅट-३२' पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर, कितीही जागा मोकळी असली, तरी ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आणि चित्रण चालू असतानाच मोबाइलची बॅटरी संपली असेल तर? एमपी-४ डब्याची यादी बहुधा चित्रण थांबवल्यावर लिहिली जाते. बॅटरी आधीच गेली, तर भाजी डब्यात आहे, पण यादी नाही. अशा फाइली त्याच मोबाइलवरची दुसरी चांगली फाइल नमुन्याला घेऊन कधी कधी वाचवता येतात. पण त्यासाठी मूळ फाइल शाबूत हवी. पहिला नियम का पहिला, हे आता पटले ना?

वहीत लिहा

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. टीव्हीवर लोणारचे पाणी सुरळीत हलते आहे, आवाज जुळला आहे, काळे काळे दिसते आहे. तुमच्या वहीत मात्र एवढ्याच ओळी आहेत: कोणते लक्षण दिसले, कोणता प्रयोग केला, काय उत्तर आले, कोणती कडी बाद झाली. उद्या शाळेत संगणक अडला, तर या ओळी पुन्हा कामाला येतील. नवी फाइल एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तास सुरू होण्यापूर्वी शाळेच्या यंत्रावर एकदा लावून पाहा.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. शाळेच्या संगणकखोलीत अशी एक सामाईक वही टांगून ठेवावी. बिघाड झाला, की विद्यार्थ्यांनी प्रथम पाच कड्या फळ्यावर लिहाव्यात आणि एकेक खोडत जावे. निरीक्षण, तर्क, एका वेळी एकच बदल आणि नोंद, हे सारे शिकवायला याहून स्वस्त उपकरण क्वचितच मिळेल.

जाता जाता तुमच्यासाठी एक कोडे. काकांच्या घरी लग्नाचा व्हिडिओ संगणकावर उत्तम चालतो. तोच पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला, की चित्र येते पण आवाज येत नाही. इतर सगळे व्हिडिओ टीव्हीवर आवाजासह चालतात. बिघाड कोणत्या कडीत आहे, आणि केबल बदलून काही उपयोग होईल का? वर सांगितलेले दोन प्रश्न विचारा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.